माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन : पेशवाई बुडवणारा आणि शाळा काढणारा गव्हर्नर



आज आपण मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याची माहिती घेणार आहोत. परीक्षेत त्याच्यावर हमखास प्रश्न येतो. बहुतेक मुलं '१८१९ ते १८२७, शिक्षणाचा पुरस्कर्ता' एवढं लिहून मोकळी होतात. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. ज्या माणसाने पेशव्यांचं राज्य संपवलं, त्यानेच मराठी शाळा आणि मराठी पुस्तकांना सरकारी पैसा दिला. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा बसतात? हा प्रश्न मनात ठेवून पुढचं वाचा.

आधी नावाचा गोंधळ दूर करू

मुंबईतलं एल्फिन्स्टन रोड स्टेशन (२०१८ पासून प्रभादेवी) या एल्फिन्स्टनच्या नावाचं होतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ते नाव त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन याचं. हा पुतण्या १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. पहिल्या अफगाण युद्धात, १८४२ मध्ये, ज्याच्या हाताखालची फौज काबूलहून परतताना नष्ट झाली, तो जनरल विल्यम एल्फिन्स्टन तिसराच. आपला एल्फिन्स्टन म्हणजे ज्याच्या नावाने एल्फिन्स्टन कॉलेज आहे तो. हे तिघे वेगळे, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

सुरुवातीचं आयुष्य

माउंटस्टुअर्टचा जन्म १७७९ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका सरदार घराण्यात झाला. तो धाकट्या मुलांपैकी, त्यामुळे वडिलांची जहागीर त्याच्या वाट्याला येणार नव्हती. त्या काळी अशी मुलं नशीब काढायला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरत. तोही १७९६ मध्ये कलकत्त्याला आला. वय बघा, पुरती सतरा वर्षंही नव्हती!

१७९९ मध्ये तो बनारसला असताना अयोध्येचा पदच्युत नवाब वझीर अली याच्या माणसांनी इंग्रजांवर हल्ला केला. एल्फिन्स्टन घोड्यावरून निसटला म्हणून वाचला. १८०१ मध्ये त्याची नेमणूक पुण्याच्या रेसिडेन्सीत झाली. रेसिडेन्सी म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात कंपनीने ठेवलेल्या वकिलाची कचेरी. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, १८०३ मध्ये, तो आर्थर वेलस्लीबरोबर असईच्या लढाईत होता. त्याचं धाडस बघून वेलस्ली म्हणाला, की तू पेशा चुकलास, तू शिपाईच व्हायला हवं होतंस.

पुढे नागपूर आणि ग्वाल्हेरला रेसिडेंट म्हणून काम केल्यावर १८०८ मध्ये त्याला अफगाणिस्तानच्या शाहाकडे वकील म्हणून पाठवलं. १८०९ मध्ये पेशावरला शाह शुजाची भेट झाली. प्रत्यक्ष काबूल काही त्याने पाहिलं नाही, पण त्या राज्याची बारीकसारीक माहिती जमवून १८१५ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. जिथे जाईल तिथली माणसं, चालीरीती, जमीनमहसूल यांची टिपणं ठेवायची, ही त्याची सवय. पुढे हीच सवय कंपनीच्या फार उपयोगी पडली.

पुण्याचा रेसिडेंट आणि खडकीची लढाई

१८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला. गादीवर दुसरा बाजीराव होता. वसईच्या तहाने (१८०२) बाजीरावाने कंपनीची फौज स्वीकारलेली, म्हणजे सत्ता नावापुरती उरलेली.

१८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांची हमी घेऊन पुण्याला आला होता. पंढरपुरात त्याचा खून झाला. संशय बाजीरावाचा मर्जीतला कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर होता. एल्फिन्स्टनने त्याला ताब्यात मागितलं. नाइलाजाने बाजीरावाने दिलं. त्रिंबकजीला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, पण १८१६ मध्ये तो तिथून पळाला. हे निमित्त धरून एल्फिन्स्टनने जून १८१७ मध्ये पुण्याचा तह लादला. मराठा सरदारांचं प्रमुखपण पेशव्याला सोडावं लागलं.

मग ठिणगी पडलीच. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज चालून आली. एल्फिन्स्टन मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या इंग्रज फौजेला जाऊन मिळाला. मागे रेसिडेन्सी जाळली गेली. त्यात त्याचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रंही गेली. पण लढाई इंग्रजांनी जिंकली, आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पुढे फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. जूनमध्ये बाजीराव मालकमला शरण गेला आणि वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला राहायला गेला.

राज्य घेतलं, आता टिकवायचं कसं?

आता धड्याच्या गाभ्याकडे येऊ. राज्य जिंकणं एक आणि चालवणं दुसरं. मूठभर इंग्रज, आणि कालपर्यंत राज्य करणारी माणसं गावोगाव. एल्फिन्स्टनने यावर जी युक्ती काढली तिला आपण सोप्या शब्दांत 'जुन्याला धक्का नको' असं म्हणू.

११ फेब्रुवारी १८१८ रोजी त्याने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. त्याचा आशय असा, की पेशव्याचं राज्य संपलं, साताऱ्याच्या महाराजांसाठी काही मुलूख राखला जाईल, कोणाच्या धर्मात हात घातला जाणार नाही, वतनं आणि इनामं चालू राहतील आणि मामलती मक्त्याने देण्याची पद्धत बंद होईल. त्याप्रमाणे छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. नव्या मुलखाचा कमिशनर म्हणून एल्फिन्स्टनने पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड इथे कलेक्टर नेमले. साताऱ्याला ग्रँट हा अधिकारी होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. पाटील, कुळकर्णी, पंचायत, वतन हे सगळं कसं चालतं याचं त्यात इतकं तपशीलवार वर्णन आहे, की अभ्यासकांना तो आजही लागतो.

पण हा मऊपणा सगळ्यांसाठी नव्हता. पुणे-साताऱ्याकडे इंग्रजांना मारण्याचा कट उघडकीला आला, तेव्हा त्याने पुढाऱ्यांना तोफेच्या तोंडी दिलं. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर नेपियन याने सुचवलं, की या कृत्याबद्दल कायद्याने माफी मिळवून ठेव. एल्फिन्स्टनने नकार दिला. त्याचं म्हणणं होतं, की मी चुकलो असेन तर मला शिक्षा झाली पाहिजे, आणि बरोबर असेन तर माफी कशाला? माणूस स्वतःशी प्रामाणिक होता आणि तितकाच कठोरही, हे या एका प्रसंगातून कळतं.

गव्हर्नर म्हणून कारभार (१८१९–१८२७)

नोव्हेंबर १८१९ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. या काळातली मुख्य कामं अशी :

१. कायद्यांचं संकलन : इलाख्याचे विखुरलेले कायदे एकत्र करून १८२७ मध्ये लागू केले. त्यांना 'एल्फिन्स्टन कोड' म्हणतात.

२. न्याय : गावच्या पंचायती चालू राहाव्यात अशी त्याची इच्छा होती. पण कंपनीच्या अदालती आल्या आणि पंचायतींचं वजन हळूहळू संपलं. पाटलाचंही तसंच. सरकार थेट रयतेकडून वसूल करू लागलं, की मधल्या पाटलाला कोण विचारणार? म्हणजे जे राखायचं त्याने ठरवलं, ते त्याच्याच यंत्रणेने पोखरलं.

३. बंडं : १८२४ मध्ये कित्तूरचा देसाई वारसाविना वारला. कंपनीने दत्तक मान्य केला नाही. राणी चन्नम्मा लढायला उभी राहिली आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरमध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि राणीला कैदेत टाकलं. पुणे भागात उमाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली रामोशांचा उठावही याच काळात सुरू झाला. 'उदार गव्हर्नर' म्हणताना ही बाजू विसरू नका.

४. शिक्षण : याबद्दल जरा सविस्तर बोलू.

शिक्षणाचं काम

पेशवाईत पुण्याला दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ती एकदम बंद केली तर असंतोष वाढेल, हे ओळखून त्या पैशातला काही भाग नव्या पाठशाळेकडे वळवला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे तिचंच रूपांतर होत डेक्कन कॉलेज झालं.

१८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी एक सोसायटी स्थापन झाली. एल्फिन्स्टन तिचा अध्यक्ष. तिच्यासाठी कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने गणिताची पुस्तकं मराठीत आणली. शिक्षक तयार करून ते जिल्ह्यांत पाठवले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं काम सरकारी आश्रयाने याच सुमारास सुरू झालं. तो कोश १८३१ मध्ये छापून आला. या सोसायटीच्या शाळेत शिकलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं, हे तुम्हाला माहीत आहेच.

एल्फिन्स्टनचं म्हणणं असं, की सामान्य मुलांना ज्ञान त्यांच्याच भाषेतून मिळावं, इंग्रजीच्या शाळाही असाव्यात, आणि सरकारने पैसा द्यावा. त्याच्या कौन्सिलमधला वॉर्डन इंग्रजीवर जास्त भर द्या म्हणत होता. मराठी माध्यमाची बाजू सरकारात भक्कमपणे मांडणारा माणूस म्हणून एल्फिन्स्टनचं श्रेय मोठं आहे.

जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने एक आठवण सांगितली आहे. एल्फिन्स्टनच्या तंबूत त्याला छापील मराठी पुस्तकांचा ढीग दिसला. ही कशासाठी, असं त्याने विचारलं. उत्तर मिळालं, की इथल्या लोकांना शिकवण्यासाठी, पण आम्हाला युरोपला परत नेणारा रस्ताही हाच. मग गव्हर्नर असून तू हे का करतोस, असं ब्रिग्जने विचारल्यावर तो म्हणाला, की काहीही झालं तरी यांच्याबाबतचं कर्तव्य आम्ही केलंच पाहिजे.

पण शाळा कोणासाठी?

इथे थांबून विचार करा. शिक्षणावरच्या आपल्या टिपणात एल्फिन्स्टनने लिहिलं आहे, की मिशनऱ्यांना सगळ्यात खालच्या मानल्या गेलेल्या जातींतली मुलं उत्तम विद्यार्थी वाटतात. पण त्यांना विशेष उत्तेजन देताना जपायला हवं. शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं, तर वरच्या जाती त्याकडे पाठ फिरवतील आणि ते पुढे पसरणारच नाही.

बघा, 'ही मुलं शिकू शकत नाहीत' असं तो म्हणत नाही. ती हुशार आहेत हे मान्य करूनही तो मागे सरतो, कारण वरच्या वर्गाची नाराजी सरकारला नको होती. 'जुन्याला धक्का नको' या धोरणाची किंमत कोणी मोजली, ते इथे कळतं. विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेत सुरुवातीला ब्राह्मण विद्यार्थीच असत. म्हणूनच १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना वेगळी वाट काढावी लागली. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी हेच सांगितलं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण त्यातून शिकतात वरचे वर्ग.

निरोप आणि शेवटची वर्षं

नोव्हेंबर १८२७ मध्ये एल्फिन्स्टन भारत सोडून गेला. त्याच्या सन्मानार्थ मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमवला. तो प्राध्यापकांच्या पगारासाठी वापरायचा ठरला, आणि त्यातूनच एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. दादाभाई नौरोजी तिथे शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानडेही तिथलेच.

मायदेशी गेल्यावर गव्हर्नर-जनरलपद देऊ केलं असता त्याने ते नाकारलं. १८४१ मध्ये त्याचा भारताचा इतिहास प्रसिद्ध झाला. ज्या सातारच्या गादीची त्याने स्थापना केली, ती डलहौसीने १८४८ मध्ये खालसा केली. याचा त्याला मोठा धक्का बसला. लग्न केलं नाही. २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये त्याचा मृत्यू झाला. १८५७ चा उठाव आणि कंपनी राज्याचा शेवट, दोन्ही त्याच्या हयातीत घडलं.

मग त्याला काय म्हणायचं?

'चांगला इंग्रज' किंवा 'वाईट इंग्रज' एवढ्यावर उत्तर संपवू नका. त्याने आपल्या समाजाचा मनापासून अभ्यास केला, पण तो राज्य टिकवण्यासाठी. शाळा काढल्या, पण दार सगळ्यांसाठी सारखं उघडलं नाही. तरीही एकदा छापलेलं पुस्तक कोणाच्या हाती जाईल, हे कोणत्याही गव्हर्नरच्या हातात नसतं. त्याच्या नावाच्या कॉलेजातून १९१२ मध्ये एक विद्यार्थी बी.ए. झाला. ज्या मुलांबाबत एल्फिन्स्टन कचरला होता, त्यांच्यातलाच तो एक. नाव भीमराव रामजी आंबेडकर.

लक्षात ठेवा

- १७७९ : जन्म
- १८११ : पुण्याचा रेसिडेंट
- ५ नोव्हेंबर १८१७ : खडकीची लढाई
- ११ फेब्रुवारी १८१८ : साताऱ्याचा जाहीरनामा
- १८१९–१८२७ : मुंबईचा गव्हर्नर
- १८२१ : पुण्याची संस्कृत पाठशाळा
- १८२७ : एल्फिन्स्टन कोड
- १८५९ : मृत्यू

स्वाध्याय

१. साताऱ्याच्या जाहीरनाम्यात वतनं आणि इनामं चालू ठेवण्याचं आश्वासन का दिलं असेल?

२. एल्फिन्स्टनला पंचायती टिकवायच्या होत्या, तरी त्या का टिकल्या नाहीत?

३. तुमच्या गावातली सगळ्यात जुनी शाळा कोणत्या साली सुरू झाली? सुरुवातीला तिथे कोणाची मुलं शिकत होती? घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि वहीत दहा ओळी लिहा.