वादळाचे पहारेकरी



चैत्र-वैशाखात शाळेच्या मैदानावर उठलेली वावटळ तुम्ही पाहिली असेल. पाचोळा, धूळ आणि कागदाचे कपटे गरगर फिरत वर जातात आणि मिनिटभरात सारे शांत होते. आता अशी कल्पना करा, की तापलेल्या जमिनीवरून वर न उठता काळ्याकुट्ट ढगातून एक सोंड खाली उतरली आहे. तिची रुंदी शेकडो मीटर आहे आणि तिच्यातला वारा ताशी ३०० किलोमीटर वेगाने फिरतो आहे. हा झाला टोर्नेडो, म्हणजेच घूर्णवाती वादळ. आपल्या किनाऱ्यावर येणारे चक्रीवादळ निराळे. ते शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि काही दिवस टिकते. टोर्नेडो आकाराने लहान आणि बहुधा काही मिनिटांचाच, पण तेवढ्यात तो घरेच्या घरे उचलून फेकतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी सुमारे १,२०० टोर्नेडो होतात. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या सपाट मैदानी राज्यांत वसंत ऋतूत मेक्सिकोच्या आखातावरून उबदार, दमट हवा येते. तिच्यावर पश्चिमेकडची कोरडी आणि थंड हवा पसरते. उबदार हवा जोराने वर चढते आणि गडगडाटी वादळ तयार होते. जमिनीजवळचा वारा आणि उंचावरचा वारा यांच्या दिशा व वेग यांत मोठा फरक असला, तर हे सारे वादळच स्वतःभोवती फिरू लागते. अशा फिरत्या वादळांपैकी काहींतून टोर्नेडो जन्मतो.

३ आणि ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत तेथे २४ तासांच्या आत १४८ टोर्नेडो झाले व तीनशेहून अधिक माणसे मेली. वादळ थांबवणे कोणाच्याच हातात नाही. पण दहा मिनिटे आधी इशारा मिळाला, तर माणसांना तळघर गाठता येते. ही दहा मिनिटे मिळवून देणाऱ्यांत एक मोठा वर्ग हौशी माणसांचा आहे. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी शेतकरी. त्यांच्याजवळ असतात दोन डोळे आणि एक बिनतारी संच.

रडार असताना डोळे कशाला?

तुम्ही म्हणाल, रडार आहे की! अमेरिकेत हवामानाची सुमारे १६० डॉप्लर रडारे आहेत. पावसाचे थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, हेही त्यांना कळते, म्हणून ढगातले फिरणे त्यांना दिसते. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातील युनियन सिटी येथे टोर्नेडो झाला. त्या वेळी एका बाजूने शास्त्रज्ञांच्या तुकडीने त्याचे जन्मापासून शेवटपर्यंत चित्रण केले आणि दुसऱ्या बाजूने नॉर्मन येथील डॉप्लर रडारने त्याच ढगाची नोंद घेतली. दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा सोंड जमिनीला टेकण्यापूर्वीच तिची खूण रडारवर उमटली होती असे आढळले.

मग अडचण कोठे आहे? ती पृथ्वीच्या गोलाईत आहे. रडारचा सर्वांत खालचा किरण क्षितिजापासून सुमारे अर्धा अंश वर असतो. शंभर किलोमीटर अंतरावर तो केवळ या कोनामुळे सुमारे ८७० मीटर उंच जातो. शिवाय तेवढ्या अंतरात पृथ्वीचा पृष्ठभाग खाली वळतो. हवेत किरण थोडासा वाकतो, हे धरूनही तेथे त्याची उंची सुमारे दीड किलोमीटर भरते. म्हणजे दीड किलोमीटरच्या खाली काय चालले आहे, ते रडारला दिसतच नाही. आणि घरे, शाळा, माणसे असतात ती तर जमिनीवर! ढग फिरतो आहे हे रडार सांगते. सोंड जमिनीला टेकली की नाही, हे तेथे असलेला माणूस सांगतो.

यासाठी तेथील राष्ट्रीय हवामान सेवेने १९७० च्या दशकात 'स्कायवॉर्न' नावाची योजना सुरू केली. साडेतीन लाखांच्या वर माणसांनी तिचे शिक्षण घेतले आहे आणि त्यांत हौशी रेडिओवाले पुष्कळ आहेत.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

आकाशवाणी फक्त ऐकता येते. हौशी रेडिओवर बोलताही येते. हा छंद असणाऱ्यांना 'हॅम' म्हणतात. परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो, प्रत्येकाला एक स्वतंत्र संकेतनाम मिळते आणि पैसे घेऊन निरोप पोचवायला बंदी असते.

वादळाच्या कामी बहुधा 'दोन मीटर' पट्टा वापरतात. त्याची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाची आवर्तने, अमेरिकेत १४४ ते १४८ मेगाहर्ट्झ असते. ३०० ला १४६ ने भागा. उत्तर दोनच्या जवळ येते ना? तीच या लहरींची मीटरमधील लांबी. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून हातातल्या संचाचा आवाज थोड्याच अंतरापर्यंत पोचतो. त्यावर उपाय म्हणून उंच मनोऱ्यावर किंवा टेकडीवर 'रिपीटर' बसवतात. तो एका कंप्रतेवर निरोप घेतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर, अधिक शक्तीने, पुन्हा सोडतो.

आज खिशात मोबाइल असताना हे कशाला? मोबाइलचे मनोरे वादळात बंद पडू शकतात आणि संकटात सगळेच एकदम फोन करू लागले की वाट तुंबते. शिवाय फोनवर दोघेच बोलतात. रेडिओवर एक बोलतो आणि सारे ऐकतात. एक जण सूत्रधार असतो. तो ज्याचे संकेतनाम पुकारील त्यानेच बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. सूत्रधाराकडून निरोप हवामान कचेरीत जातो.

काय दिसले ते, तेवढेच

आता पुढील निरोप वाचा :

"मी गावाच्या दक्षिणेस पाच किलोमीटरवर आहे. वेळ ५ वाजून १२ मिनिटे. माझ्या वायव्येस, अंदाजे आठ किलोमीटरवर, ढगाचा तळ खाली उतरला आहे आणि सतत फिरतो आहे. सोंड जमिनीला टेकलेली दिसत नाही. ढग ईशान्येकडे सरकत आहे."

कोठे, केव्हा, कोणत्या दिशेला, किती लांब, काय दिसते आणि काय दिसत नाही, सारे यात आले. "बाप रे, केवढे भयंकर!" असा एकही शब्द नाही. गडगडाटी ढगाखाली लोंबणारे फाटके ढग दुरून हुबेहूब सोंडेसारखे दिसतात. म्हणून पहारेकऱ्याला शिकवतात, की मिनिटभर थांबून नीट पाहा, तो खरोखर फिरतो आहे का? घाईने खोटी वर्दी गेली, तर भोंगे वाजतील, गाव तळघरात जाईल आणि काहीच होणार नाही. पुढच्या वेळी खरा भोंगा वाजला, तरी लोक घरातच बसतील. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच.

पाठलाग आणि पहारा

काही लोक टोर्नेडोच्या मागे मोटार घेऊन शेकडो किलोमीटर जातात. डेव्हिड होडली यांनी १९५६ मध्ये हा छंद सुरू केला. पहिल्या पाठलागकऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. अशा लोकांच्या चित्रणांचा अभ्यासाला उपयोग झाला आहे. पण धोका लहान नाही. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे झालेला टोर्नेडो ४ किलोमीटरहून अधिक रुंद होता. त्याने अचानक दिशा व वेग बदलला आणि टिम समारास हे अनुभवी संशोधक, त्यांचा मुलगा व एक सहकारी मरण पावले. जाणत्यांची ही गत, तर इतरांचे काय? म्हणून पहारेकऱ्याचे पहिले काम लांब राहण्याचे आणि परतीचा रस्ता मोकळा ठेवण्याचे. वादळ चांगले दिसेल एवढे जवळ, पण निसटता येईल एवढे दूर उभा राहतो तो खरा पहारेकरी.

आपल्याकडे

टोर्नेडो फक्त अमेरिकेतच होतात असे नाही. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात माणिकगंज भागात झालेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसे दगावली. भारतात हौशी रेडिओवाल्यांची कसोटी लागली ती मोठ्या चक्रीवादळांत व भूकंपांत. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले. वीज गेली, टेलिफोन बंद पडले. तेव्हा हॅम मंडळींनी बॅटरीवर संच चालवून निरोपांची ने-आण केली. भारतातील हॅमची संकेतनामे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परवाना मिळतो आणि वयाच्या बाराव्या वर्षानंतर ही परीक्षा देता येते.

करून पाहा

परवाना नसतानाही तुम्हाला वादळ रेडिओवर ऐकता येईल. वळवाच्या पावसाआधी घरातच बसा. बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर लावा आणि काटा केंद्र नसलेल्या जागी ठेवा. वीज चमकताच 'खर्र' असा आवाज येईल. विजेतून प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही निघतात, त्यांचा हा आवाज. रशियन शास्त्रज्ञ पपॉफ यांनी १८९५ मध्ये याच तत्त्वावर विजांची चाहूल देणारे उपकरण दाखवले होते. आता गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. वीज किती किलोमीटरवर आहे ते कळेल. वेळ, दिशा आणि अंतर वहीत लिहा. आकडा तीस सेकंदांहून कमी असेल, तर बाहेर पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबा.

दोन मित्रांनी दोन घरांत अशी नोंद ठेवली, तर वादळ कोणाकडून कोणाकडे सरकले हे तुम्हीच सांगू शकाल.

सांगा पाहू

१. रडारपासून ५० किलोमीटरवर, पृथ्वीची गोलाई न धरता, अर्ध्या अंशाचा किरण किती उंच असेल?
२. खरखर ऐकू आल्यानंतर १२ सेकंदांनी गडगडाट झाला, तर वीज किती लांब?
३. 'सोंड दिसत नाही' हा निरोपही महत्त्वाचा का?