तंगूस तुटला की गाठ सुटली?

मंडळी, हिडकलच्या धरणात मरळ काठापर्यंत येऊन गळासकट गेली, की आपण दुकानदाराला शिव्या घालतो. आधी दोऱ्याचं टोक बघा. कुरळं, पिळवटलेलं असेल तर गाठ सरकली. खरबरीत असेल तर मरळीच्या दातानं नाहीतर बुडातल्या खुंटानं दोरा घासला.

ब्रेडेड दोरा बारीक आणि दणकट, पण घासणं सोसत नाही. म्हणून पुढं दोनेक हात जाड तंगूस लीडर म्हणून जोडायचा. जोडायला डबल युनी गाठ बरी: दोन्ही टोकं समोरासमोर आडवी धरायची, प्रत्येक टोकाचा फास करून तेच टोक फासातून दोन्ही दोऱ्यांभोवती गुंडाळायचं, मग दोन्ही गाठी ओढून एकमेकींना भिडवायच्या. तंगूसचे 4-5 वेढे पुरतात. ब्रेडेड गुळगुळीत, त्याला 7-8 हवेतच. इथंच आपली कंजुषी नडते!

आवळण्याआधी थुंकी लावा. कोरडा तंगूस आवळताना घासून तापतो आणि तिथंच कमजोर होतो. नुसती साधी गाठ मारली तर जवळपास निम्मी ताकद जाते. वर्षभर उन्हात पडलेला तंगूस लीडरला नको, फुकट मिळाला तरी.

गाठी रात्री घरीच बांधा, आणि होडीत चढण्याआधी हाताला फडकं गुंडाळून एकदा जोरात ओढून बघा.