कुर्दी, ग्रीक आणि आपली मराठी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २:१–१३, रोमकरांस पत्र ११:१७–२४

पन्नासाव्या दिवसाच्या वृत्तांतात जी राष्ट्रे सांगितली आहेत, त्यांत मेदी लोकांचे नाव आहे. मेद्यांच्या त्या जुन्या डोंगराळ मुलखात व त्याच्या आसपास आज कुर्द लोक राहतात. तुर्कस्तान, इराण, इराक व सीरिया ह्या चार देशांत ते विभागले गेले आहेत. त्यांची भाषा कुर्दी. आणि नवा करार ज्या भाषेत लिहिला गेला ती ग्रीक. गणपतीपुळ्याच्या पुळणीवर राहणाऱ्या आम्हांस ह्या दोन भाषांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. उत्तर हे की, "तुमचे शास्त्र परक्या भाषेतले," असे आपल्या उपदेशकांस शेजारी म्हणतात; आणि आपल्यांतलेच कित्येक जण गावच्या बोलीस हलकी समजून मंडळीत तोंड उघडून प्रार्थना करावयास लाजतात. ह्या दोन्ही गोष्टींचा विचार व्हावा म्हणून हा पाठ आहे.

१. शब्दांचे नाते. पुढील शब्द मोठ्याने वाचून पाहावे. प्रथम मराठी, मग कुर्दी (कुर्मांजी बोलीतील), मग ग्रीक, असा क्रम आहे.

दोन – दू – दुओ
पाच – पेंज – पेन्ते
सात – हेफ्त – हेप्ता
आठ – हेश्त – ओक्तो
दहा – देह – देका
नाव – नाव – ओनोमा
पाय – पे – पूस
दार – देरी – थुरा
तारा – स्तेर – आस्तेर

इतके साम्य सहज घडत नाही. संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या एकाच मुळापासून निघाल्या असाव्या, असे सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ साली कलकत्त्यास सांगितले, आणि पुढील विद्वानांनी ते सिद्ध केले. मराठी संस्कृताच्या शाखेची, कुर्दी इराणी शाखेची, आणि ग्रीक ही स्वतंत्र शाखा. शाखा वेगळ्या झाल्यावर ध्वनी बदलले, परंतु ते नियमाने बदलले. आपल्या 'सात'मधील 'स' कुर्दीत व ग्रीकात 'ह' झाला आहे. सिंधूचा 'हिंदू' झाला तो इराणी शाखेच्या ह्याच नियमाने.

२. मूळ आणि कलम. मात्र प्रत्येक सारखा शब्द नात्याचाच असतो असे नाही. आपल्या बागांत रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसचे कलम बांधतात. तसे परभाषेचे शब्दही आपल्या भाषेवर बांधले जातात. 'कलम' हा शब्द स्वतःच असा आहे. ग्रीकात बोरूस 'कालामोस' म्हणतात. योहानाच्या तिसऱ्या पत्राच्या शेवटी लेखणीस हाच शब्द आला आहे. तो अरबी व फारसी भाषांच्या वाटेने आपल्याकडे आला. 'दाम' हा शब्दही ग्रीक 'द्राख्मे' ह्या नाण्याच्या नावावरून, संस्कृत 'द्रम्म' होऊन आला आहे. लूकाच्या पंधराव्या अध्यायात त्या बाईने दिवा लावून जे नाणे शोधले, ते हेच. वाचकहो, दाम मोजताना आपण नकळत त्या दृष्टांतातील शब्द उच्चारतो!

३. वाक्याची ठेवण. आपल्या तो, ती, ते ह्यांप्रमाणे जुन्या ग्रीकातही तीन लिंगे आहेत. कुर्मांजीत दोनच राहिली आहेत. येथे आपण ग्रीकांच्या जवळ आहो. दुसऱ्या गोष्टीत कुर्दांच्या जवळ आहो. आपण "मी आंबा खाल्ला," पण "मी आंबे खाल्ले" असे म्हणतो; क्रियापद खाणाऱ्याकडे न पाहता आंब्यांकडे पाहते. कुर्मांजीतही एक सफरचंद खाल्ले तर 'मिन सेव ख्वार' आणि अनेक खाल्ली तर 'मिन सेव ख्वारिन' म्हणतात. ग्रीक क्रियापद मात्र कर्त्यालाच अनुसरते.

४. बोध. तर ग्रीक भाषा आपणांस सर्वस्वी परकी नाही, हे शेजाऱ्यांस नम्रपणे सांगता येईल. परंतु ह्या नात्याचा गर्व कोणी करू नये. प्रभु येशू ज्या अरामी भाषेत बोलला ती ह्या कुळातली नव्हे. जुन्या कराराची इब्रीही नव्हे. आपल्या शेजारची कानडीही नव्हे. कुळावरून माणसांची उंची मापण्याचे दुःख आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ भोगले आहे. तेच माप आपण भाषांस लावावे काय?

शिवाय नव्या कराराची ग्रीक ही पंडितांची जुनी ग्रीक नव्हे. तिला 'कोइने', म्हणजे सर्वसामान्यांची, असे नाव आहे. मिसर देशाच्या वाळूत सापडलेली साध्या लोकांची पत्रे व पावत्या पुष्कळ अंशी तशाच भाषेत आहेत. देवाने आपल्या वचनासाठी बाजारातील भाषा नाकारली नाही.

कुर्दांकडेही पाहा. १९८३ साली तुर्कस्तानात झालेल्या एका कायद्याने त्यांच्या भाषेत छापणे व विचार प्रकट करणे मना झाले. तो कायदा १९९१ साली रद्द झाला. तरी आयांनी ती भाषा घरात राखली. पुढे इराकच्या २००५ सालच्या राज्यघटनेने कुर्दीस अरबीबरोबर राजभाषेचा मान दिला. आपणांस तर कोणी मना केलेले नाही. मग आपणच आपल्या बोलीस का गप्प करावे?

पंडिता रमाबाई संस्कृतात निष्णात होत्या. त्यांनी इब्री व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, ते साध्याभोळ्या बायामाणसांस समजावे म्हणून सोप्या भाषेत. १९२२ साली त्या प्रभूत निजल्या, तोवर त्या ह्याच कामात होत्या. ज्यांस अवघड लिहिता येत होते त्यांनी सोपे लिहिले, हे उपदेशकांनी ध्यानात ठेवावे. मंडळीतील म्हातारी आपल्या संगमेश्वरी बोलीत प्रार्थना करू लागली, तर तिचे शब्द सुधारू नयेत. तिच्याबरोबर आमेन म्हणावे.

विचारण्याचे प्रश्न : (१) 'दार' व 'दाम' ह्या दोन शब्दांपैकी नात्याचा कोणता आणि कलमाचा कोणता? (२) पन्नासाव्या दिवशी लोकांनी देवाची महत्कृत्ये कोणत्या भाषांत ऐकली? (३) आपल्या मंडळीत बोलीच्या लाजेने कोण गप्प बसते, आणि त्यांच्यासाठी आपण काय करावे?