जंगलातून किती घ्यावे?



मागच्या जून महिन्यात आमच्या पिशोरच्या बाजारातून वह्यांचा गठ्ठा घेऊन येत असताना बरोबरच्या सातवीतल्या मुलाने मला विचारले, "सर, एवढ्या वह्या घेतल्या म्हणजे आपण किती झाडे तोडली?" मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. आकड्याशिवाय उत्तर देणे मला जमत नाही. म्हणून घरी गेल्यावर आम्ही दोघे पट्टी, तराजू आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशोब आणि त्यातून पुढे निघालेली एक मोठी गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

वहीचा हिशोब

तुमची दोनशे पानी वही घ्या. दोनशे पाने म्हणजे शंभर कागद. एका कागदाची लांबी 24 सेंटिमीटर आणि रुंदी 17 सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ झाले 408 चौरस सेंटिमीटर. शंभर कागदांचे 40,800 चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 4 चौरस मीटर. वहीच्या कागदाचे वजन दर चौरस मीटरला 55 ते 60 ग्रॅम असते. तेव्हा पुठ्ठा सोडून वहीचे वजन साधारण 230 ग्रॅम भरेल. तराजूवर ठेवून खात्री करून घ्या.

आता हा कागद बांबूपासून केला आहे असे समजू. लाकूड किंवा बांबू रसायनांत शिजवून त्याचा लगदा करतात. या क्रियेत निम्म्याहून थोडा अधिक भाग विरघळून जातो आणि उरलेल्या धाग्यांचा कागद होतो. शिवाय ताज्या तोडलेल्या बांबूत जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. म्हणजे 230 ग्रॅम कागदासाठी सुमारे अर्धा किलो वाळलेला किंवा एक किलो हिरवा बांबू लागला.

तुमच्या वर्गात 40 विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाला वर्षाला 10 वह्या लागतात असे धरा. एकूण 400 वह्या, म्हणजे 400 किलो हिरवा बांबू! एक बांबू 5 किलोचा धरला तर 80 बांबू झाले. आजकाल बराच कागद रद्दी, उसाचे चिपाड, निलगिरी आणि सुबाभूळ यांपासून होतो, त्यामुळे हा आकडा तुमच्या वह्यांना जसाच्या तसा लागू होणार नाही. पण अंदाज यायला तो पुरेसा आहे.

मुलाने लगेच दुसरा प्रश्न टाकला, "मग हे 80 बांबू जंगलाला परवडतात का?" खरा प्रश्न हाच आहे.

न भरणारी टाकी

पिशोरच्या उत्तरेला सातमाळ्याचे डोंगर आहेत. या रांगेत छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलेले गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे. ते 1986 साली जाहीर झाले. अभयारण्यात तोड करता येत नाही, म्हणून आपण त्याला हात न लावता शेजारी एक कल्पित टेकडी घेऊ. या टेकडीवर जास्तीत जास्त 1,000 बांबू मावतात.

पाण्याच्या टाकीत नळाने जितके पाणी पडते तितकेच आपण काढले, तर पातळी कायम राहते. जंगलाचेही तसेच, असे तुम्ही म्हणाल. पण एक फरक आहे. टाकीत पाणी किती आहे याच्याशी नळाचा संबंध नसतो. जंगलाची नवी वाढ मात्र जंगलात काय शिल्लक आहे यावरच ठरते. बांबूची बेटे थोडी असतील तर नवे कोंब फुटणार कोठून? आणि बेटे दाटीने उभी असतील तर नव्या कोंबांना जागा आणि प्रकाश कोठून मिळणार? म्हणजे अगदी थोडे जंगल असले तरी वाढ कमी आणि अगदी भरलेले असले तरी वाढ कमी. सर्वांत जास्त वाढ मध्ये कोठेतरी होते.

हे गणितात असे मांडतात. समजा, मोकळी जागा भरपूर असताना बांबू वर्षाला शेकडा 20 या वेगाने वाढतात. पण टेकडीचा जितका भाग भरलेला असेल तितका हा वेग घटतो. टेकडीवर 900 बांबू असतील तर मोकळी जागा फक्त एक दशांश. तेव्हा वाढ 900 च्या शेकडा 20 म्हणजे 180, आणि त्याचा दहावा भाग, म्हणजे 18 बांबू. बांबू 200 असतील तर वाढ 32. आणि बरोबर निम्मे म्हणजे 500 असतील तर वाढ 50. ही सर्वांत मोठी वाढ. तेव्हा या टेकडीवरून कायम मिळू शकणारे जास्तीत जास्त बांबू वर्षाला 50. तुमच्या एका वर्गाच्या वह्यांना लागणारे 80 बांबू ही टेकडी कधीच पुरवू शकणार नाही!

फक्त दहा बांबू जास्त

आता गंमत पाहा. ही गंमत नव्हे, धोकाच आहे. ठेकेदार म्हणाला, "पन्नासऐवजी साठ तोडतो. दहाने काय बिघडते?" 500 पासून सुरुवात करून दर वर्षी वाढ मिळवायची आणि 60 वजा करायचे. आम्ही ते करून पाहिले:

पहिल्या वर्षाअखेर – 490
पाचव्या वर्षाअखेर – 449
दहाव्या वर्षाअखेर – 394
पंधराव्या वर्षाअखेर – 326
विसाव्या वर्षाअखेर – 232
पंचविसाव्या वर्षाअखेर – 76

सत्ताविसाव्या वर्षी तोडायला 60 बांबू उरतच नाहीत. टेकडी उघडी पडते.

नीट लक्ष द्या. पहिल्या वर्षी फक्त 10 बांबूंचा फरक पडला. तो डोळ्यांना दिसणारही नाही. पहिले निम्मे जंगल जायला जवळजवळ वीस वर्षे लागली आणि उरलेले सात वर्षांत संपले. जंगल कमी झाले की वाढ कमी होते आणि वाढ कमी झाली की जंगल आणखी वेगाने घटते. म्हणूनच "काल-परवापर्यंत तर जंगल होते!" असे म्हणायची वेळ येते.

विसाव्या वर्षी कोणी शहाणा म्हणाला, "बरे, आता 45 च तोडू," तर? उशीर झाला! 232 बांबूंची वाढ वर्षाला फक्त 36 च्या आसपास आहे. 45 तोडले तरी जंगल घटतच राहील. पुन्हा 500 पर्यंत यायचे तर सहा-सात वर्षे एकही बांबू तोडता येणार नाही.

उलट जंगल 650 च्या आसपास राखून सुरुवातीपासून 45 च तोडले तर काय होते? एखाद्या वर्षी वणव्याने 50 बांबू गेले आणि 600 राहिले, तर वाढ होते 48 आणि तोड 45. जंगल हळूहळू आपोआप सावरते. ज्याने 500 ठेवून पन्नासच्या पन्नास तोडायचे ठरवले, त्याला मात्र एकच वाईट वर्ष घसरणीला लावते. तेव्हा जास्तीत जास्त मिळू शकते तेवढे ओरबाडू नये. थोडे हातचे राखून घ्यावे.

हा विचार नवा नाही. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात चांदीच्या खाणींच्या भट्ट्यांना कोळसा पुरवता पुरवता जंगले संपू लागली. तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स या खाण अधिकाऱ्याने 1713 साली ग्रंथ लिहून बजावले, की जितके लाकूड पुन्हा उगवते तितकेच तोडा.

आकडा बरोबर, तरी जंगल गेले

किती तोडायचे हे कळले, पण तेवढ्याने भागत नाही. कसे तोडायचे हेही कळावे लागते. बांबू हे खरे तर गवत आहे. त्याचा कोंब पावसाळ्यात जमिनीतील खोडापासून फुटतो आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंचीचा होतो. नंतर त्याची जाडी वाढत नाही, तो फक्त पक्का होत जातो. म्हणून पावसाळ्यात तोड करीत नाहीत, चालू वर्षाचे कोंब राखतात, तीन वर्षांवरचे बांबू घेतात आणि बेटात काही पक्के बांबू नव्या कोंबांच्या आधारासाठी ठेवतात.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात (आपला कन्नड तालुका नव्हे!) एक कागद गिरणी नाममात्र दराने सरकारी जंगलातला बांबू नेत असे. बांबू संपत चालला, तेव्हा दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर ढकलला गेला. 1970 च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह प्रत्यक्ष रानात जाऊन बेटे तपासली. काटेरी बांबूच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. तोड सोपी व्हावी आणि बेट मोकळे व्हावे म्हणून हे काटे साफ केले जात. गावकरी मात्र काटे ठेवून वरच्या बाजूने बांबू कापीत. का? काट्यांच्या आत वाढणारा कोंब गुरे, वानरे, रानडुकरे यांच्यापासून सुरक्षित राहतो. काटे गेले की कोंब खाल्ला जातो आणि बेट म्हातारे होऊन संपते. कागदावरच्या नियमापेक्षा गावकऱ्यांचे निरीक्षण बरोबर निघाले.

राखणारा कोण?

मग जंगल राखायचे कोणी? ज्यांना उद्याही तेथेच राहायचे आहे त्यांनी, असे एक उत्तर आपल्याच राज्यात मिळाले आहे. 1927 च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आणि त्यावर गावांचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव आहे. 2009 साली त्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना लागे. अखेर एप्रिल 2011 मध्ये परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. या गावाचे देवाजी तोफा यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची गोष्ट तर आणखी विचार करण्यासारखी आहे. तेंदूपाने विकून रोख पैसा मिळतो. पण चांगली पाने यावीत म्हणून फांद्या छाटतात आणि रानाला आगही लावतात. जंगलाचा हक्क मिळाल्यावर पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच बंद केले आणि बांबूवर भर दिला. गरीब गावाने हाती येणारा पैसा सोडायचा हे सोपे नसते. आपल्या कोष्टकातले सत्ताविसावे वर्ष त्यांनी आधीच ओळखले होते.

आपण गिऱ्हाईक आहोत. आपल्या हाती काय आहे? माल कोठून आला हे विचारणे. काही वह्यांवर झाडाचे छोटे चिन्ह आणि 'एफएससी' ही अक्षरे दिसतात. 1993 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे चिन्ह सांगते, की जंगलापासून दुकानापर्यंतच्या मालाची तपासणी झाली आहे. 2023 साली भारत सरकारनेही अशी स्वतःची योजना जाहीर केली. पण चिन्ह असो वा नसो, जुन्या वहीची कोरी पाने वापरली, तर तेवढा बांबू टेकडीवरच राहतो. आमच्या सातवीतल्या मुलाने गेल्या वर्षीच्या वह्यांतून अशी 140 पाने काढून एक कच्ची वही शिवली. जवळजवळ पाऊण किलो बांबू वाचला!

करून पाहा

1. आपल्या वहीची लांबी-रुंदी मोजून आणि वजन करून दर चौरस मीटरला कागदाचे वजन काढा.

2. वरील टेकडीवर 700 बांबू आहेत आणि दर वर्षी 45 तोडले जातात. दहा वर्षांचे कोष्टक तयार करा. जंगल कोठे स्थिरावते असे वाटते? मग 300 बांबूंपासून सुरुवात करून तेच करा. उत्तर वेगळे का आले?

3. शेताच्या बांधावर बांबूचे बेट असेल तर या पावसाळ्यात फुटलेले कोंब मोजा. दिवाळीनंतर त्यांतले किती जगले ते पाहा. जे गेले ते कशाने गेले, याचे उत्तर घरातील मोठ्या माणसांना विचारा. कदाचित तेही काट्यांचीच गोष्ट सांगतील.