शीडही आणि इंजिनही, मग धोका कसला?

प्रश्न : आमचे जावई इंग्लंडमध्ये छोटी मोटरसेलर घेणार आहेत. वारा असला की शीड, वारा पडला की इंजिन. म्हणजे नुसत्या शिडाच्या होडीपेक्षा ती दुप्पट सुरक्षित, असं ते म्हणतात. हे खरं का?

उत्तर : जावयांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. एक साधन अडलं तर दुसरं हाताशी असतं, हा फायदा मोठाच. पण होडी उलटणार की सावरणार, हे ती कशावर चालते यावरून ठरत नाही; तिचं वजन कुठे आहे यावरून ठरतं.

शिडात वारा भरला की होडी कलते. तिला पुन्हा उभी करण्यासाठी तळाच्या कीलमध्ये शिसं किंवा लोखंड असतं. वेगवान मोटरबोटीला मात्र हलकं अंग आणि सपाटसा तळ हवा, तरच ती पाण्यावर उचलली जाऊन पळते. या दोन्ही गरजा एकाच होडीत बसवायच्या तर काहीतरी सोडावं लागतं.

इंग्लंडच्या प्रसिद्ध फिशर २५ ने वेग सोडला. उत्तर समुद्रातल्या मासेमारी नौकांच्या घाटाची ही जड, रुंद होडी. सुकाणू बंदिस्त केबिनमध्ये असल्याने पावसाथंडीतही चालवणारा कोरडा राहतो. माणूस गारठला, थकला की चुकतो. म्हणून माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण. शिवाय शीड चढवलेलं असलं की वाऱ्याचा दाब होडीला एका बाजूने धरून ठेवतो आणि नुसत्या इंजिनावर जाणवणारं डोलणं पुष्कळ कमी होतं.

अशा जड होडीच्या वेगाला तिच्या पाण्यातल्या लांबीची मर्यादा असते. २१ फुटांना साधारण ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. मोठं इंजिन बसवलं तर डिझेल जास्त जळतं, वेग जेमतेम वाढतो. त्यात उंच केबिनवर वारा आदळतो, डोलकाठी बुटकी, पाण्यातला पंखा मागे ओढतो. त्यामुळे समोरून वारा असताना ती नुसत्या शिडावर फारशी पुढे सरकत नाही. तेव्हा शीड ठेवून इंजिन मंद चालवायचं. तिची बांधणी त्यासाठीच आहे.

अमेरिकेतल्या मॅकग्रेगर २६एक्सने दुसरी वाट धरली. तळात पाण्याची टाकी : भरली की शिडाची होडी, रिकामी केली की ५० अश्वशक्तीच्या इंजिनावर पळणारी मोटरबोट. पण टाकी रिकामी असताना सावरणारं वजनच उरत नाही. ४ जुलै २००२ रोजी लेक शॅम्प्लेनमध्ये अशी एक होडी उलटली. टाकी रिकामी होती, माणसं जास्त होती. दोन मुलं दगावली. होडी कोणत्या अवस्थेत आहे हे चालवणाऱ्याला ठाऊक नसणं, हा या प्रकारातला सर्वांत मोठा धोका.

‘इंजिन आहे ना!’ हा भरवसाही तपासून घ्यावा. खवळलेल्या समुद्रात डिझेलच्या टाकीतला गाळ ढवळला जातो, फिल्टर तुंबतो आणि नेमक्या अडचणीच्या वेळी इंजिन बंद पडतं. शीड तेव्हा आवरणात घट्ट बांधलेलं असेल तर ते असून नसल्यासारखंच.

आणखी एक समज दूर करतो. शीड दिसतंय म्हणून आपण शिडाची नौका ठरत नाही. इंजिन होडीला ढकलत असेल, तर टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती यंत्रावरची नौका. मग दिवसा पुढच्या बाजूला, टोक खाली केलेला काळा शंकू टांगायचा आणि सहसा शिडावरच्या नौकेला वाट द्यायची.

जावयांना वेगाची घाई नसेल आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं असेल, तर फिशरसारखी जड होडी खुशाल घ्यावी. पाण्याच्या टाकीची घेतली, तर माणसं चढण्याआधी टाकी भरली आहे का ते दर वेळी स्वतः पाहावं. आणि तुम्ही फिरायला गेलात तर लाइफजॅकेट धक्क्यावरच अंगात घाला.