इंजिनाचे ‘सीसी’ कसे मोजतात?

‘एमएच १९’ जळगावची आणि ‘एमएच १८’ धुळ्याची, हे तुम्ही पाटी पाहताच सांगता. आता एखाद्या मोटारीचे आर.सी. बुक मागून घ्या आणि ‘सीसी’ पुढचा आकडा पाहा. मारुती ८०० असेल, तर तेथे ७९६ दिसेल. हे पेट्रोलच्या टाकीचे माप नव्हे, अश्वशक्तीही नव्हे.

सिलिंडरमध्ये दट्ट्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सरकतो. तेवढ्या जागेचे घनफळ गुणिले सिलिंडरांची संख्या, ही इंजिनाची क्षमता. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर.

मारुती ८०० च्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, दट्ट्याचा प्रवास ७२ मिलिमीटर आणि सिलिंडर ३. त्रिज्या झाली ३.४२५ सेंटिमीटर, उंची ७.२ सेंटिमीटर. वृत्तचितीच्या सूत्राने,

३.१४१६ × ३.४२५ × ३.४२५ × ७.२ = २६५.३

२६५.३ × ३ = सुमारे ७९६ घन सेंटिमीटर

हेच गणित मिलिमीटरमध्ये केले, तर उत्तर सुमारे ७,९६,००० येईल. त्याचे सीसी करताना १० ने नव्हे, १००० ने भागावे लागते. कारण लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींचे एकक बदलते. इंचाचेही तसेच. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, पण १ घन इंच म्हणजे २.५४ × २.५४ × २.५४, अर्थात १६.३९ सीसी. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरचे १४८९ सीसीचे इंजिन सुमारे ९०.९ घन इंचांचे होते.

१००० सीसी म्हणजे १ लिटर. मात्र लिटरचा आकडा बहुधा एका दशांश स्थळापर्यंतच सांगतात. ११९७ सीसी आणि १२४० सीसी, दोन्ही ‘१.२ लिटर’च होतात! कायदा मात्र सीसी पाहतो. सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल मोटारीवर १२०० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे ४० टक्के. तुमच्यासाठीही एक मर्यादा आहे: १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या दुचाकीचा. हल्लीच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या असतात.

आता तुम्ही करून पाहा. प्रीमियर पद्मिनी: व्यास ६८ मिलिमीटर, प्रवास ७५ मिलिमीटर, सिलिंडर ४. उत्तर १०८९ आणि १०९० यांच्या दरम्यान आले, तर तुमची रीत बरोबर आहे.