व्याजाचे गणित : पायरीपायरीने

पुष्कळ विद्यार्थी गणिताच्या गृहपाठाला बसले की प्रथम पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर पाहतात व मग रीत कशीबशी जुळवितात. उत्तर बरोबर येते, पण समज येत नाही. म्हणून येथे आम्ही एकच उदाहरण सावकाश सोडवून दाखवीत आहोत.

उदाहरण : ८,००० रुपयांवर द.सा.द.शे. १० दराने ३ वर्षांचे सरळव्याज व चक्रवाढव्याज यांत किती फरक पडेल?

पायरी १ : काय दिले आहे ते लिहा. मुद्दल ८,००० रु., दर १०, मुदत ३ वर्षे. द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा; शंभर रुपयांस वर्षाला दहा रुपये.

पायरी २ : सरळव्याज काढा. ८,००० मध्ये शेकडे ८०. वर्षाचे व्याज ८० × १० = ८०० रु.; ३ वर्षांचे २,४०० रु.

पायरी ३ : चक्रवाढव्याजात दरवर्षीचे व्याज मुद्दलात मिळवा.
पहिले वर्ष : व्याज ८००, रास ८,८००.
दुसरे वर्ष : व्याज ८८०, रास ९,६८०.
तिसरे वर्ष : व्याज ९६८, रास १०,६४८.
एकूण व्याज २,६४८ रु.

पायरी ४ : फरक २,६४८ − २,४०० = २४८ रु.

पडताळा : दुसऱ्या वर्षी ८० रु. व तिसऱ्या वर्षी १६८ रु. जास्त पडले, बेरीज २४८. हेच व्याजावरचे व्याज.

आता याच रीतीने सावकाराचे बोलणे तपासा. तो म्हणतो, “शेकडा फक्त तीन रुपये.” ऐकायला दहापेक्षा तीन कमी. परंतु हे तीन महिन्याचे आहेत! म्हणजे द.सा.द.शे. ३६. ८,००० रुपयांवर महिन्याला २४० व वर्षाला २,८८० रु. वरील उदाहरणातील तीन वर्षांच्या चक्रवाढव्याजापेक्षाही हे एका वर्षाचे व्याज अधिक आहे. पहिली पायरी गाळली की घर असे बुडते.

परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही मान्य करू नका, स्वतः पारखा, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश गणितालाही लागू आहे. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. पैशाचा प्रश्न मुळापासून तपासण्याचा हा वारसा आपला आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, गृहपाठात एकही पायरी गाळू नका. आणि पालकहो, कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद आपल्या शिकत्या मुलामुलीपुढे ठेवा व विचारा : दर सालाचा की महिन्याचा?

जय भीम!